वन्समोअर म्हणण्यापूर्वी

गेल्या भाद्रपदातली गोष्ट आहे. उज्जैनच्या टावर चौकात रात्री बाराच्या सुमारास आम्ही आठदहा माणसे एका चहाच्या गाडीभोवती उभी होतो. फ्रीगंजातला हा चौक तसा लवकर झोपी जात नाही. त्यातून गणेशोत्सवाचे दिवस, आणि एका मराठी मंडळाने बसवलेल्या ‘संगीत सौभद्र’चा प्रयोग नुकताच आटोपलेला. कृष्णाच्या गालावरचा रंग अजून पुरता उतरला नव्हता. तबलजी आपला तबला-डग्गा रिक्षात नीट बसेल की नाही या विवंचनेत होता. आम्ही प्रेक्षक मंडळी एकेका पदाची उजळणी करीत, नाटक अजून संपलेच नाही अशा थाटात बोलत होतो.

सुभद्रेचे काम करणारी मुलगी जराशी बाजूला, गळ्याभोवती ओढणी गुंडाळून उभी होती. चहावाल्याने तिला विचारले, “बहनजी, शक्कर कम या ज्यादा?” तिने बोटांनी काहीशी खूण केली. त्याला ती कळली नाही. त्याने पुन्हा विचारले तेव्हा तिने बोलण्यासाठी तोंड उघडले, ओठ हलले आणि नुसती हवा बाहेर आली. आमच्यापैकी कोणी तरी म्हणाले, “सुभद्रा आपला आवाज द्वारकेतच विसरून आली वाटतं!” आम्ही सगळे हसलो. तीही हसली, पण त्या हसण्यालाही आवाज नव्हता.

पुढे आठवड्याने कळले की ही थट्टेची बाब नव्हती. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिले तेव्हा एका स्वरतंतूतली बारीक रक्तवाहिनी फुटून तेथे रक्त साकळलेले दिसले. तीन आठवडे संपूर्ण मौन, पुढे दोन महिने गाणे बंद, असा हुकूम झाला. ही मुलगी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. मौन धरलेल्या शिक्षिकेला वर्गावर कोण ठेवणार? तिला बिनपगारी रजा घ्यावी लागली. चौकशी करता आणखीही कळले. आदल्या रात्री दुसऱ्या गावी याच नाटकाचा प्रयोग झाला होता. पहाटे दोनला ती घरी परतली, सकाळी शाळा केली, दुपारी तालीम केली आणि संध्याकाळी पुन्हा तोंडाला रंग लावला. पहिल्या अंकापासूनच तिचा आवाज किंचित घोगरा लागत होता. तो आमच्या कानांना कळला होता आणि तरीही आम्ही तिच्या पदांना वन्समोअर घेतले होते. त्या वन्समोअरांपैकी निदान दोन तिसऱ्या रांगेतून आले आणि ते माझे होते, हे येथेच कबूल करून टाकतो. या लेखाचे कारणच ते आहे.

नाटकात गाणे कोणी म्हणावे, हा प्रश्न आपल्याला आज विचित्र वाटेल. ज्याची भूमिका त्याचे गाणे, यात विचारण्यासारखे ते काय? परंतु कालिदासाच्या नावाने ज्या नगरीत १९५८ सालापासून दरवर्षी समारोह होतो, त्या नगरीत तरी हा प्रश्न परका वाटू नये. भरताच्या नाट्यशास्त्रात ध्रुवा म्हणून जी गीते सांगितली आहेत, ती वाद्यवृंदाबरोबर बसलेल्या गायक-गायिकांनी म्हणावयाची आहेत. नटीने क्वचित गावे, ‘शाकुंतला’च्या प्रस्तावनेत ती गातेही. परंतु सर्व प्रयोगाचे गायन एका पात्राच्या गळ्यात अडकवावे, असा त्या रंगभूमीचा रिवाज नव्हता. पुढे १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीला ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हाही पदे म्हणण्याचे काम सूत्रधाराकडे होते. पात्रांनी आविर्भाव करावा, भाषणे करावीत आणि सूत्रधाराने गावे, अशी ती वाटणी.

ही वाटणी मोडली अण्णासाहेब किर्लोस्करांनी. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात त्यांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि पदे पात्रांच्या मुखात गेली. मराठी माणसाला संगीत नाटक नावाचे वेड लागले ते त्या दिवसापासून, आणि ते लागले कालिदासाच्याच नाटकामुळे. दुष्यंत स्वतः गाऊ लागला, शकुंतला स्वतः गाऊ लागली. पात्राच्या मनातले त्याच्याच गळ्यातून ऐकण्याचा हा आनंद इतका मोठा होता की, त्याची किंमत कोणाच्या अंगावर पडली याचा हिशेब करण्याचे कोणाला सुचले नाही. आता ज्याने धावावे, रडावे, रागवावे, खच्चून भाषण करावे, त्यानेच पुढच्या क्षणी तार षड्जाला सूर लावावयाचा होता. त्या नव्या ओझ्यासाठी नवी व्यवस्था मात्र आपण अजून पुरती केलेली नाही, आणि माझी तक्रार तेवढीच आहे.

हे ओझे किती, ते जरा मोजून पाहू. मनुष्याचे स्वरतंतू म्हणजे श्वासनलिकेच्या तोंडाशी असलेल्या, फार तर दीड-दोन सेंटीमीटर लांबीच्या दोन नाजूक घड्या. बायकांच्या पुरुषांहूनही आखूड. आपण स्वर लावतो तेव्हा या घड्या एकमेकींवर आपटतात आणि सुटतात. काळी चार पट्टीत गाणाऱ्या स्त्रीचा मध्य षड्ज म्हणजे सेकंदाला सुमारे २०८ आंदोलने. तीच तार षड्जावर गेली की ४१५, आणि तार पंचमाला स्पर्श केला की सहाशेच्याही वर. सरासरी तीनशे धरली, तरी नाटकभर मिळून तासभर गाणाऱ्या नटीच्या त्या दोन घड्या दहा लाखांहून अधिक वेळा एकमेकींवर आपटतात. प्रेक्षागृहात आपण टाळ्या वाजवतो तेव्हा दोन मिनिटांत आपले तळहात लाल होतात, हे ध्यानात आणले म्हणजे पुरे.

बैठकीतला गवईही इतके गातो, मग त्याचे काही बिघडत नाही ते का, असे कोणी विचारील. त्याच्या आणि नटाच्या कामात मोठे अंतर आहे. गवई मांडी घालून बसतो, तंबोरे जुळवून घेतो, विलंबित ख्यालात अर्धा तास मंद्र-मध्य सप्तकात आवाज तापवतो आणि मग वर जातो. गळा बरा नसला तर पट्टी अर्ध्या स्वराने उतरवतो, ताना कमी करतो, ठुमरी उद्यावर टाकतो. नटाला यातले काहीच करता येत नाही. पडद्यामागे धुरळ्यात उभे राहायचे, सूचना मिळताच धावत प्रवेश करायचा, चार वाक्ये शेवटच्या रांगेपर्यंत फेकायची आणि पेटीने सूर दिला की दुसऱ्याच मिनिटाला तान घ्यायची. पद तीनचार मिनिटांचे, त्यामुळे जे रंगवायचे ते सुरुवातीपासूनच रंगवले पाहिजे. शिवाय जाणकार सांगतात की गळ्याला गाण्यापेक्षा गद्य अधिक जाचते. रडण्याच्या, किंचाळण्याच्या, धिक्काराच्या प्रवेशात स्वराला बैठक नसते, नुसता दाब असतो. त्या प्रवेशातून उठून लगेच करुण पद गायचे म्हणजे, दगड फोडून आलेल्या हाताने सुईत दोरा ओवण्यासारखे आहे.

ध्वनिवर्धक आला तेव्हा आपल्याला वाटले होते की हा जाच संपला. पूर्वीच्या नटांना नैसर्गिक आवाजाने थिएटर भरावे लागे, म्हणून ते उंच पट्टीत गात. आता कुजबुज सुद्धा गॅलरीत ऐकू येईल. पण झाले भलतेच. आज हौशी प्रयोगांत कर्णे प्रेक्षकांकडे तोंड करून असतात, नटाकडे नसतात. वाद्यांचा गजर चहूंकडून येतो आणि गाणाऱ्याला स्वतःचाच सूर ऐकू येत नाही. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, हे लोंबार्ड नावाच्या फ्रेंच वैद्याने १९११ सालीच लिहून ठेवले आहे. आमच्या सुभद्रेचे त्या रात्री नेमके हेच झाले. मागाहून तिने सांगितले की तिसऱ्या अंकात तिला पेटी ऐकू येत होती, तबला ऐकू येत होता, फक्त स्वतःचा आवाज येत नव्हता, म्हणून ती जोर लावीत गेली.

जोर लावून गाणे हा दोष आपल्याकडे आज कळलेला नाही. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने गायकाचे पंचवीस दोष सांगितले आहेत. गाताना ज्याच्या कपाळाच्या आणि मानेच्या शिरा फुगतात त्याला तो झोंबक म्हणतो, आणि भोपळ्यासारखा फुगून गाणाऱ्याला तुंबकी. म्हणजे मानेची शीर तटतटलेली दिसली की आमच्या पूर्वजांना तो दोष वाटे. आम्हाला ती मेहनत वाटते आणि आम्ही टाळी देतो.

येथे जुने रसिक मला अडवतील. ते म्हणतील, “अहो, पूर्वीची नाटके रात्रभर चालत. ‘स्वयंवरा’त पन्नासाच्या आसपास पदे. बालगंधर्व एकेका पदाला चार-चार वन्समोअर घेत. साठी उलटल्यावरही रुक्मिणी आणि सिंधू रंगवीत. त्यांना कोणी मौन सांगितले नाही!” हा आक्षेप खरा आहे आणि त्याला नीट उत्तर दिले पाहिजे.

पहिली गोष्ट अशी की, जुन्या कंपनीत व्यवस्था होती. नट कंपनीच्याच बिऱ्हाडी राहात आणि नाटकाखेरीज त्यांना दुसरा उद्योग नसे. प्रयोग बहुधा बुधवार, शनिवार, रविवारी होत; म्हणजे दोन रात्री लागोपाठ झाल्या तरी पुढे दोन दिवस विसावा असे. शिक्षण लहानपणापासून चाले आणि ते देणारे भास्करबुवा बखल्यांच्या तोलाचे गवई असत. साथीला गंधर्व नाटक मंडळीत अहमदजान थिरकवाँचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी होती. गाणाऱ्याने श्वास घेतला की सारंगीने सूर हातावर झेलायचा आणि पुन्हा त्याच्या ओंजळीत द्यायचा, अशी ती साथ. बालगंधर्व जोर न लावता गात, हे तर त्यांची ध्वनिमुद्रिका ऐकणाऱ्या कोणालाही कळेल. सकाळी शाळा करून रात्री सुभद्रा करणाऱ्या मुलीची तुलना या सरंजामाशी करणे न्यायाचे नाही.

दुसरी गोष्ट अधिक कठोर आहे. जे टिकले त्यांचीच नावे आपल्याला ठाऊक आहेत. बारा-तेरा वर्षांच्या, गोड गळ्याच्या मुलांना कंपन्या स्त्रीभूमिकेसाठी घेऊन येत. त्यांतल्या केशवराव भोसल्यांसारख्या एखाद्याचे, ‘शारदे’पासून निघालेले नाव पुढे साऱ्या महाराष्ट्रात दुमदुमले. परंतु कंठ फुटण्याच्या वयात रात्री-बेरात्री गाऊन ज्यांचे गाणे कायमचे गेले, त्या मुलांची यादी कोणी ठेवली? केशवराव स्वतः १९२१ साली, बालगंधर्वांबरोबरच्या संयुक्त ‘मानापमाना’नंतर तीन महिन्यांतच, एकतिसाव्या वर्षी गेले. भाऊराव कोल्हटकर चाळिशीच्या आत गेले, मास्टर दीनानाथ एक्केचाळिसाव्या वर्षी. त्यांना गाण्याने मारले असे मी म्हणत नाही, केशवरावांना विषमज्वराने नेले हे प्रसिद्धच आहे. पण या माणसांच्या आयुष्यात विसावा म्हणून किती होता, हे त्यांच्या भक्तांपैकी फारच थोड्यांनी विचारले.

आणि ती १२ मार्च १९११ ची हकिगत. ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग, त्याच दिवशी बालगंधर्वांचे तान्हे मूल गेले आणि तरीही त्यांनी भामिनी उभी केली. ही गोष्ट आपण शंभर वर्षे निष्ठेचे उदाहरण म्हणून सांगत आलो आहोत. ती निष्ठा होतीच, तिला माझा नमस्कार. पण आता तरी त्या गोष्टीकडे दुसऱ्या बाजूने पाहावे असे मला वाटते. एवढ्या मोठ्या किर्लोस्कर मंडळीत त्या रात्री भामिनीची भूमिका करणारे दुसरे कोणीही तयार नव्हते. ज्या धंद्यात एका माणसाच्या घरी मृत्यू झाला तरी पडदा त्याच्याच जिवावर वर जातो, त्या धंद्याची मांडणी सदोष आहे. नटाच्या त्यागाचे पोवाडे गाताना आपण तो दोष झाकून टाकला.

साहेबाच्या देशात आणि अमेरिकेत याचा अनुभव त्यांनीही घेतला आहे. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर संगीतिकेचे आठवड्याला आठ प्रयोग होतात, म्हणजे ओझे आपल्याहून भारी. जूली अँड्र्यूज या विख्यात गायिका-नटीने १९९५ पासून अशाच एका संगीतिकेचे प्रयोग केले. आवाज बिघडला म्हणून १९९७ साली तिच्या घशावर शस्त्रक्रिया झाली आणि तिचा तो चार सप्तकांत फिरणारा आवाज पुन्हा परत आला नाही. परंतु त्याच ब्रॉडवेने एक शहाणपणही दाखवले. १९७९ साली तेथे ‘एव्हिटा’ लागले तेव्हा नायिकेचे गाणे इतके अवघड होते की दुपारच्या खेळांना दुसरी नटी उभी राहील, असे आधीच ठरवून टाकले. पुढे ‘फँटम ऑफ द ऑपेरा’च्या नायिकेसाठीही हीच रीत पडली. यात मुख्य नटीचा कमीपणा कोणाला वाटला नाही. दुसरी नटीही लपवून ठेवलेली नसते, कार्यक्रमपत्रिकेवर तिचे नाव असते.

आपल्याकडे शहाणपण नाही असे मात्र नव्हे. १९६४ साली ‘मत्स्यगंधा’ आले तेव्हा जितेंद्र अभिषेक्यांनी पदांची संख्या आणि लांबी दोन्ही आवरली. गाणे कमी झाले म्हणून कोणी नाटक टाकले नाही, उलट ती पदे घरोघर गेली. १९६७ च्या ‘कट्यार काळजात घुसली’ मध्ये खाँसाहेबांचे काम वसंतराव देशपांड्यांच्या गळ्यावर बेतलेले होते, हे खरे. तरी दारव्हेकरांनी गाण्याचे ओझे पंडितजी, सदाशिव, झरीना आणि उमा यांच्यात वाटून दिले. म्हणजे लेखक आणि संगीतकाराने मनात आणले तर एका गळ्यावरचा भार चार गळ्यांवर जातो, आणि नाटक अधिकच भरते. २०१७ साली आलेल्या ‘संगीत देवबाभळी’त तर रंगमंचावर दोनच बायका. त्याचे शेकडो प्रयोग झाले तेव्हा, एवढे गाणे रोज पेलायचे कसे याचा विचार त्या दोघींना प्रत्येक दौऱ्यात करावा लागला असेल. प्रेक्षकाने तो केला काय?

गळ्याच्या विसाव्याची सर्वांत मोठी साक्ष तर आमच्या माळव्यातच आहे. उज्जैनहून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर देवास. १९४८ च्या आरंभी कुमार गंधर्व तेथे आले ते क्षयाने जर्जर होऊन. गाण्याला डॉक्टरांची सक्त मनाई. जवळजवळ पाच वर्षे तो माणूस अंथरुणावर पडून होता, गात नव्हता, पण ऐकत होता. रस्त्यावरून जाणाऱ्या बायकांची माळवी गाणी, भजने, नाथपंथीयांची निर्गुणी पदे त्यांनी त्या काळात कानात साठवली. स्ट्रेप्टोमायसिनने क्षय हटला, एक फुफ्फुस जवळजवळ निकामी झालेले असताना ते पुन्हा गाऊ लागले, आणि पुढची चाळीस वर्षे काय गायले ते सांगावयास नको. याच कुमारांनी पुढे ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम केला आणि नाट्यपद किती सहज, किती कमी जोरात म्हणता येते, हे बैठकीतून दाखवले. पाच वर्षे न गाऊन गवई संपत नाही, हे ज्या प्रांताने डोळ्यांनी पाहिले, त्या प्रांतात तीन आठवड्यांच्या मौनाची थट्टा व्हावी?

आता काय करावे, ते सांगतो. माझ्या सूचना मोठ्या नाहीत आणि खर्चाच्याही फारशा नाहीत.

संगीत नाटक बसवणाऱ्या प्रत्येक मंडळाने मुख्य गायक भूमिकांसाठी दोन-दोन माणसे तयार करावीत आणि जाहिरातीत दोघांचीही नावे छापावीत. आमच्याकडे दुसरी गाणारी मिळत नाही, ही सबब मी मानीत नाही. इंदूर, उज्जैन, देवास, धार, ग्वाल्हेर या गावांत गाणे शिकणाऱ्या मराठी मुली घरोघर आहेत. त्यांना चवरी ढाळणाऱ्या दासीखेरीज काम मिळत नाही, म्हणून त्या नाटकाकडे फिरकत नाहीत. दुसरी सुभद्रा म्हणून एकदा नाव छापून तर पाहा.

एकाच गायक नटाला लागोपाठ दोन रात्री उभे करू नये. हौशी माणसाला तर मुळीच नाही, कारण त्याचा दिवस त्याच्या मालकीचा नसतो. राज्य नाट्यस्पर्धा असोत की गणेशोत्सवाचे दौरे, तारखा ठरवताना सभागृह केव्हा मोकळे आहे हे पाहतात, तसे गळा केव्हा मोकळा आहे हेही पाहावे.

पट्टी पेटीवाल्याच्या सोयीने न ठरता गाणाऱ्याच्या गळ्याने ठरावी. युगुलपदात अर्जुनाला सोयीची पट्टी सुभद्रेला जाचते, हे प्रत्येक संगीत नाटकाचे जुने दुखणे आहे. तेथे पद दोन ओळींनी कमी झाले तर किर्लोस्कर रागावणार नाहीत. रंगमंचाच्या कडेला, नटाकडे तोंड केलेला एक लहानसा कर्णा ठेवावा, म्हणजे त्याला स्वतःचा सूर ऐकू येईल. यासाठी हजारो रुपये लागत नाहीत.

घरगुती औषधांविषयीही एक शब्द. खडीसाखर, ज्येष्ठमध, मिऱ्यांचा काढा यांनी घशाला बरे वाटते हे खरे. पण गिळलेला पदार्थ अन्ननलिकेच्या वाटेने जातो, आणि स्वरतंतू असतात श्वासनलिकेच्या तोंडाशी. त्यांना तो लागतच नाही. त्यांच्यापर्यंत पोचते ती फक्त वाफ, आणि दिवसभर प्यायलेल्या पाण्याचा ओलावा. आवाज बसला असता कुजबुजणे ही विश्रांती नव्हे, त्यानेही ताण पडतो. वेदना थांबवणाऱ्या गोळ्यांपैकी काही रक्त पातळ करणाऱ्या असतात, त्या घेऊन वरच्या पट्टीत गाणे तर जोखमीचे. आणि आवाज दोन आठवड्यांत सुधारला नाही तर काढे पुरे करून डॉक्टरकडे जावे. आमच्या सुभद्रेचे नशीब एवढेच की ती आठवड्यातच गेली.

यावर मंडळाचे चिटणीस म्हणतील, “सगळे ठीक आहे हो, पण लोक तिकीट काढतात ते नाव पाहून. दुसरी सुभद्रा उभी केली तर पैसे परत मागतील.” त्यांचे म्हणणे खोटे नाही. म्हणून शेवटची सूचना मंडळाला नाही, ती माझ्यासारख्या तिसऱ्या रांगेतल्या माणसाला आहे. दुसरी सुभद्रा रंगमंचावर आली तर ती दुसरी म्हणून न ऐकता सुभद्रा म्हणून ऐकावी. आणि वन्समोअरची सवय सोडून द्यावी. पद आवडले तर टाळ्यांनी छत उडवा, डोळे पुसा, घरी जाऊन चार दिवस तेच पद गुणगुणा. पण तेच पद तेथल्या तेथे पुन्हा म्हणायला लावू नका. जुन्या काळी ते शोभत असेल, कारण तेव्हा ध्वनिमुद्रिका दुर्मिळ होत्या आणि ऐकलेले पद पुन्हा कधी कानी पडेल याचा भरवसा नव्हता. आज प्रत्येकाच्या खिशात यंत्र आहे, बालगंधर्वांपासून राहुल देशपांड्यांपर्यंत हवे ते पद हवे तेव्हा ऐकता येते. मग समोर उभ्या असलेल्या, घामाने भिजलेल्या माणसाकडून ते पुन्हा वसूल करण्यात रसिकता कसली?

दिवाळीनंतर ती मुलगी मला पुन्हा टावर चौकातच भेटली. आवाज परत आला होता, थोडासा खाली उतरलेला, पण स्वच्छ. मी ओशाळून म्हणालो, “त्या दिवशी तू वन्समोअर घ्यायलाच नको होतास.”

ती म्हणाली, “काका, टाळ्या ऐकू आल्या की नाही म्हणवत नाही.” मग जरा थांबून म्हणाली, “तुम्हीच नका ना मागू.”

तिने ते रागाने म्हटले नव्हते, म्हणून ते अधिकच लागले. मंडळाने पुढच्या भाद्रपदासाठी पुन्हा ‘सौभद्र’च धरले आहे. यंदा दुसरी सुभद्रा तयार करण्याचे काम तिनेच अंगावर घेतले आहे. दहावी-बारावीच्या वयाची एक मुलगी रविवारी तिच्याकडे पदे शिकायला येते. दोघी एक दिवसाआड काम करतील असे ठरते आहे. जाहिरातीत दोघींची नावे सारख्याच आकाराच्या अक्षरांत छापावीत, एवढा आग्रह मी मंडळाकडे धरला आहे. तिकीट मी दोन्ही दिवसांचे काढणार आहे आणि तिसऱ्याच रांगेत बसणार आहे. पद संपल्यावर शेजारच्याने वन्समोअर म्हणायला तोंड उघडलेच, तर त्याला हळूच हे सारे सांगण्याचा माझा विचार आहे.